भाऊजींची ओरिजिनल गाडी

आमच्या भाऊजींना सगळी गल्ली 'ओरिजिनल' म्हणते. तोंडावर साहेब, पाठ वळली की ओरिजिनल. मी पडले त्यांची एकुलती एक मेव्हणी, म्हणून मी तोंडावरच म्हणायची. त्यांना राग यायचा नाही. उलट कॉलर नीट करायचे. आता ज्या माणसाला टोमणा आणि पदवी यांतला फरक कळत नाही, त्याच्याशी भांडून तरी काय करणार?

भाऊजी वजनमापे खात्यात होते. दुकानादुकानांतून फिरायचं, तराजू तपासायचे, बरोबर असले तर शिक्का मारायचा आणि नसले तर 'चालणार नाही' म्हणायचं. हे 'चालणार नाही' ते इतक्या चवीने म्हणायचे की शिक्का मारायची वेळ आली तर त्यांचं तोंड उतरायचं. निवृत्त झाल्यावर खात्याने त्यांच्याकडून तराजू काढून घेतला, पण नजर कोण काढून घेणार? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. घरात तपासणी सुरू झाली. पडद्याची एक बाजू कणभर खाली आहे. चहा कपात कालच्यापेक्षा कमी आहे. मेव्हणी, म्हणजे मी, बसली की खुर्ची जास्त करकरते. ही शेवटची तपासणी त्यांनी एकदाच केली, पुन्हा केली नाही.

अशा माणसाच्या घरात एकच वस्तू तपासणीतून सुटली होती, ती म्हणजे त्यांची गाडी. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

राखी रंगाची, गोल दिव्यांची जुनी गाडी. खात्यातल्या मोठ्या साहेबांनी बदली झाली तेव्हा ती भाऊजींच्या गळ्यात मारली. मला तर वाटतं, साहेबांनी बदली त्यासाठीच मागून घेतली असावी. ती बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता. भाऊजी म्हणायचे, "अशी गाडी आता होणे नाही." खरंच होणार नाही. लोक शहाणे झालेत.

गाडीला गंज लागला होता म्हणणं म्हणजे समुद्राला ओल आली म्हणण्यासारखं आहे. दारांच्या खालच्या कडा गेल्या होत्या, डिकीचा तळ गेला होता, आणि रबरी चटईखाली काय होतं ते बघायची कुणाची छाती नव्हती. डबक्यातून गेली की आत कारंजं उडायचं. ताई, म्हणजे माझी बहीण, सीटवर मांडी घालून बसायची. लोकांना वाटायचं, बाई ध्यानाला बसली आहे. आणि भाऊजींचा गंजावरचा उपाय काय, तर रंग. गंज दिसला की त्यावर ब्रश फिरवायचा. "अहो, आधी घासून काढा की," मी म्हटलं, तर म्हणाले, "तो पत्रा ओरिजिनल आहे. घासला तर पातळ होईल."

एकदा ताईने पत्र्याचं काम करणाऱ्या डेंटरला घरी आणलं. त्याला सगळे ठोक्या म्हणतात. ठोक्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि दाराच्या खालच्या कडेला हळूच टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"साहेब," ठोक्या म्हणाला, "पत्रा कुठंय? इथं तर नुसता रंगच उभा आहे."

"हात लावू नकोस!" भाऊजी ओरडले. त्या दिवसापासून गाडी शेडमध्ये गेली आणि भाऊजींच्या भाषेत 'विश्रांती' घेऊ लागली. शेड घराच्या पुढच्या अंगाला, थेट रस्त्यावर उघडणारी. गल्लीतली सगळ्यात मोक्याची जागा, आणि तिथे कोण, तर ही महाराणी.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग ताईच्या दुकानावर गदा आली.

ताईचं शिवणकामाचं दुकान आहे. शाळांचे युनिफॉर्म, पँटी, फ्रॉक, पडदे. कापणं आणि शिवणं तिचं, काजं-बटणं माझी, आणि गिऱ्हाइकांशी भांडणं हे खातंही माझंच. दुकान भाड्याच्या गाळ्यात. गाळ्याच्या मालकाने सांगितलं, इमारत पाडायची आहे, महिनाअखेर किल्ल्या द्या. जवळपास दुसरा गाळा मिळेना. लांब जावं तर गिऱ्हाईक येणार नाही. मशीनं विकून दोघींनी कुणाच्या तरी कारखान्यात दिवसभर बाह्या जोडत बसायचं, एवढंच उरलं होतं. मी तर दोन दिवस सरळ तोंडाने बोलले नाही कुणाशी. ताई मात्र जेवताना शांतपणे म्हणाली, "अहो, शेडमध्ये दुकान टाकू या का?"

भाऊजींचा घास हातातच राहिला. "आणि गाडी?"

"रस्त्यावर लावा."

आता आमच्या रस्त्यावर गाडी उभी करायची तर तिच्या काचेवर तपासणीत पास झाल्याचा कागद चिकटवलेला लागतो. नसेल तर नगरपालिकेचे लोक उचलून नेतात. भाऊजींनी बराच वेळ विचार केला आणि जाहीर केलं, "ठीक आहे. मी गाडी पास करून घेतो. पास झाली की रस्त्यावर, शेड तुझी. पण नापास झाली तर ती परत शेडमध्येच. लेकराला काय रस्त्यावर टाकू?"

"आणि आम्हाला टाकलं तर चालेल?" मी विचारलं. ताईने माझ्याकडे डोळे वटारले म्हणून गप्प बसले, नाहीतर त्या दिवशी मी त्यांना दाखवलंच असतं.

तर अशा रीतीने माझ्या बहिणीचं दुकान त्या गंजक्या डब्याच्या गळ्यात बांधलं गेलं.

भाऊजी कामाला लागले. कामाला म्हणजे काय, पार्ट शोधायला. जुन्या गाड्यांचे भाग विकणारा एक भंगारवाला होता. त्याला 'आहे' म्हणत, कारण काहीही मागा, तो म्हणायचा, "आहे." मी एकदा भाऊजींबरोबर गेले होते, पिशव्या धरायला.

"या गाडीचं दाराचं हँडल आहे का?"

"आहे."

"ओरिजिनल?"

"ओरिजिनलच आहे."

"कुठंय?"

"येईल."

"कधी?"

"आलं की आहे."

भाऊजींना हे उत्तर पटलं! मला म्हणाले, "बघ, माणूस थापा मारत नाही." मी कपाळावर हात मारून घेतला.

आणि गंमत म्हणजे भाग यायचे. हँडल आलं. गोल दिव्यांच्या कड्या आल्या. काच वर-खाली करायचा दांडा आला, हातात घेऊन भाऊजी तो दिवसभर नुसताच फिरवत होते. बैठकीत हॉर्न, फ्रिजवर आरसा, ताईच्या कपाटात पडद्यांच्या कापडात गुंडाळलेला कार्बोरेटर. सगळं घर गाडी झालं, फक्त गाडी तेवढी गाडी होत नव्हती. कारण गंज होता तिथेच होता. सडक्या दाराला चकचकीत हँडल लावायचं म्हणजे पडक्या घराला पितळी कुलूप. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "तुला जुन्या वस्तूंची कदर नाही." मी म्हटलं, "आहे की. तुम्हाला इतकी वर्षं भाऊजी म्हणते."

एकदा 'आहे'ने तशीच दुसरी आख्खी गाडी देऊ केली, सुटे भाग काढायला. भाऊजी हवेत तरंगतच घरी आले. ताईने कात्रीवरची नजरही न उचलता सांगितलं, "एक सवत आहे तेवढी पुरे." विषय तिथेच मिटला.

शेवटी दारं आणि डिकी ठोक्याने कशीबशी उभी केली. प्रत्येक ठिकाणी भाऊजी आडवे. "एवढा कापू नकोस, तो ओरिजिनल आहे." ठोक्या म्हणायचा, "साहेब, दात किडला की मुळापासून काढायचा असतो." भाऊजी म्हणायचे, "माझे सगळे दात ओरिजिनल आहेत." म्हणजे वाद संपला. पण ड्रायव्हरच्या सीटखालची जमीन मात्र उरलीच नव्हती. चटई उचलली तर खालची फरशी दिसली. हा भाग 'आहे'कडेही नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने "नाही" म्हटलं, आणि भाऊजींना मोठाच धक्का बसला. या गाड्यांची जमीनच सगळ्यात आधी सडते, म्हणे, मग ओरिजिनल आणणार कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

ठोक्या म्हणाला, नवा पत्रा कापून बसवू. पण तिथला आकार सगळा वेडावाकडा, एकीकडे उंचवटा, एकीकडे खोलगट. कागदावर नीट आकार काढून द्या, मी पत्रा कापून आणतो.

कागदावर आकार काढणं म्हणजे ताईचा हातखंडा. एका संध्याकाळी ती पदर खोचून गाडीत शिरली. तपकिरी कागद, खडू, टाचण्या. मी बाहेरून दिवा धरला होता. भोकावर कागद पसरून तिने आकार उतरवला, उंचवट्याला चुणी घातली, खोलगट भागात चीर दिली, अगदी ब्लाउजच्या पाठीचा बेत काढावा तसं. आणि भोकाच्या कडेपाशी न थांबता चारी बाजूंनी चांगली दोन बोटं पुढे गेली.

"एवढं जास्तीचं कशाला?" मी विचारलं.

"सडलेल्या काठाला टाका धरतो का? चांगल्या पत्र्यापर्यंत पोचायला हवं," ती म्हणाली. "माया ठेवलीय."

शिवणाऱ्यांच्या घरात हा शब्द दिवसातून वीस वेळा येतो. शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड दाबून ठेवतात ती माया. बाहेरून दिसत नाही. पण शिवण त्यावर तगते, आणि माणूस जाड झाला की तीच उसवून कपडा सैल करता येतो. माया न ठेवता शिवणारा शिंपी मापात बरोबर असतो, पण त्याचा कपडा दुसऱ्या धुण्याला फाटतो. मी त्यात काही विशेष आहे असं समजले नाही. कागद गुंडाळून टेबलावर ठेवला आणि आम्ही झोपलो.

सकाळी दुकानात ताईने युनिफॉर्मचं कापड कापायला घेतलं तर कात्री कापेना, नुसती चावायला लागली. माझी तळपायाची आग मस्तकात. शिंप्याच्या कात्रीने कागद कापायचा नसतो, धार मरते. हे शेजारच्या पोराटोरांनाही माहीत आहे. घरी येऊन मी विचारलं, "ताईच्या कात्रीने कागद कुणी कापला?"

"मी," भाऊजी म्हणाले. अगदी सहज. "जरासा नीटनेटका केला. मग ठोक्याला दिला."

"अहो, ती कापडाची कात्री आहे!"

"कात्री ती कात्री. कापण्यासाठीच असते ना?"

मी कात्रीवरून इतकी भांडले, इतकी भांडले, की कागदाचं काय नीटनेटकं केलं हे विचारायचं राहूनच गेलं. माझ्या भांडणाचा एवढाच काय तो दोष. ताईने कात्री धार लावायला पाठवली आणि जुन्या कात्रीने काम सुरू केलं. गाळा सोडायच्या आधी शाळेचे सगळे कपडे द्यायचे होते. मान वर करायला तिला सवड नव्हती.

म्हणून पत्रा बसवताना ताई नव्हती. मी होते, चहा घेऊन आले होते. ठोक्याने पत्रा भोकात ठेवला. अगदी बिनचूक बसला, डबीवर झाकण बसावं तसा.

"वा!" भाऊजी म्हणाले. "कणभर जास्ती नाही, कणभर कमी नाही."

ठोक्या डोकं खाजवत होता. "बसलाय खरा, साहेब. पण धरायला काही नाही. मी मोठा तुकडा कापून आणतो."

"कशाला? कडेला कड लाव. एकावर एक आला तर जोड दिसेल. तपासणारा म्हणेल ठिगळ आहे. ओरिजिनल दिसलं पाहिजे."

"काठ सडलेला आहे, साहेब."

"तो ओरिजिनल काठ आहे."

ठोक्याने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मला काय कळतंय वेल्डिंगमधलं? त्याने चार-दोन ठिणग्या उडवल्या, वरून भेगा बुजवायची लांबी भरली, लांबीवर रंग मारला, रंगावर चटई. "मला काय," तो हात पुसत म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं."

तपासणीच्या दिवशी ताई दुकान बंद करून आली. दुसऱ्याच दिवशी गाळ्याच्या किल्ल्या द्यायच्या होत्या. मशीनं बांधून ठेवली होती, पण कुठे न्यायची हे ठरायचं होतं. शेडमध्ये, की विकत घेणाऱ्याकडे. ती मागच्या सीटवर हात मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्या शेजारी. ठोक्या वाटेत काही निखळलं तर असावा म्हणून पुढे. आणि भाऊजी चालवत होते. गाडी चालली, हो! खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. लोक वळून बघत होते. भाऊजींनी उगाचच एकदा हॉर्न वाजवला. वजनाला भाऊजी म्हणजे नुसती हाडं आणि शिस्त, त्यामुळे खालचा पत्राही काही बोलला नाही.

तपासणीच्या आवारात रांग होती. आमचा नंबर आला तसे आम्ही सगळे खाली उतरलो. तपासनीस चांगला अंगाने भरलेला, गळ्यात ओळखपत्र, हातात छोटी हातोडी. त्याला बघून भाऊजींची मान ताठ झाली. आपला जातभाई दिसला ना! "मीही खात्यात होतो," ते म्हणाले. तपासनीसाने मान हलवली. ती मान मला ओळखीची वाटली. भाऊजी दुकानदारांपुढे अशीच हलवत.

दिवे पाहिले, ठीक. हॉर्न, ठीक. दारं उघडून पाहिली, जरा थांबला, पण ठीक. ताईने माझा हात घट्ट धरला. "ब्रेक बघतो," असं म्हणून तपासनीस ड्रायव्हरच्या सीटवर बसला.

काही मोठा आवाज झाला नाही. लांबी तडकली तेवढीच. मग सीट सावकाश, अगदी अदबीने खाली जायला लागली. तपासनीसाचं डोकं आधी छताला टेकलं होतं, मग खिडकीत आलं, मग स्टिअरिंगच्या मागे गेलं.

"ब्रेक लागतोय का?" भाऊजींनी वाकून विचारलं.

"माझे पाय लागतायत," आतून आवाज आला. "जमिनीला."

रांगेतले सगळे हसले. मलाही हसू आलं असतं, पण ताईचा हात माझ्या हातात थंडगार पडला होता. तपासनीसाला दोघांनी ओढून काढलं. त्याने पँट झटकली, गाडीकडे बघितलं आणि म्हणाला, "चालणार नाही."

झालं. दुकान गेलं, मशीनं गेली. मी भाऊजींकडे वळले, तोंडात येईल ते बोलणार होते. पण त्याआधी भाऊजीच ठोक्यावर तुटून पडले होते. "काय काम केलंस? पत्रा धरला कसा नाही? अगदी मापात होता!"

"मापातच होता, साहेब. मी म्हटलं होतं, मोठा आणतो."

"मोठा कशाला? मी स्वतः माप घेतलं होतं. हिने कागद सगळीकडून दोन-दोन बोटं जास्तीचा काढला होता. बायकांचं माप! मी भोक मोजलं आणि ते जास्तीचं सगळं कापून टाकलं. कणभर फरक नव्हता."

ताई पुढे आली. ती भाऊजींसमोर उभी राहिली. ओरडली नाही. ताई ओरडत नाही, ते खातं माझं आहे.

"ती माया होती," ती म्हणाली.

 इतकी वर्षं शिवणारीच्या घरात राहून भाऊजींनी हा शब्द कधी ऐकला नसेल असं नाही. त्यांचं लक्ष नव्हतं इतकंच.

"मग सांगायचं ना," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "कागदावर लिहून ठेवायचं. इथवर भोक, त्यापुढे माया. मला काय स्वप्न पडणार?"

"माया कुणी लिहून ठेवतं का हो?"

एवढंच बोलली आणि आवाराच्या कडेच्या बाकावर जाऊन बसली. तिने तोंड पदराने पुसलं, उन्हाने की कशाने ते मी विचारलं नाही.  मला भाऊजींचा इतका राग आला होता आणि त्याच वेळी त्यांची इतकी दया आली की कुठलं आधी करू ते कळेना. ते त्या गाडीशेजारी उभे होते, ड्रायव्हरची सीट खाली टेकलेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा कशाचंही माप न घेता नुसते बघत होते.

गाडी ओढून नेणारा आला. साखळी लावता लावता त्याने विचारलं, "कुठं सोडायची? घरी?"

ठोक्या भाऊजींकडे बघायला लागला. मीही. नापास झाली तर शेडमध्ये, हे त्यांचंच बोलणं होतं, आणि भाऊजींनी आपलं बोलणं कधी मागे घेतल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

"घरी नको," भाऊजी म्हणाले. "भंगारात ने."

"सगळी? हँडलं, दिवे काढून ठेवायचे असतील तर..."

"सगळी."

साखळी ताणली गेली. गाडी हलली तेव्हा भाऊजींनी एकदा बॉनेटवर हात टेकवला, मग काढून घेतला. त्यांचे डोळे भरले होते, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. गाडी फाटकाबाहेर गेल्यावर ते बाकाकडे आले. ताईने सरकून जागा केली, तरी ते बसले नाहीत. शिक्षकासमोर उभं राहावं तसे उभे राहिले.

"अगं," ते म्हणाले, "तुझ्या दुकानाला जागा किती लागते?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ताईने त्यांच्याकडे वर बघितलं.

"गाडीएवढी," ती म्हणाली.